राजापेठेतल्या पार्लरमध्ये मी जे बोलले

परवा फोनवर तू तक्रार केलीस की तिकडची तुझी केस कापणारी बाई कात्री हातात घेतली की प्रश्न विचारायला लागते, आणि तिला गप्प कसं करावं ते तुला कळत नाही. तुझी धाकटी बहीण मागून हसत होती. मी "नम्रपणे सांग, ऐकेल ती," एवढंच म्हणाले. तेव्हा खरं तर मला दुसरंच काही आठवलं होतं आणि ते फोनवर सांगण्यासारखं नव्हतं. म्हणून तुमची आजी हे लिहिते आहे. क्रमाने लिहिते, म्हणजे माझं कुठे चुकलं ते तुम्हां दोघांना नीट दिसेल.

आपल्या अमरावतीच्या घरापासून चार मिनिटांवर, दोन शिकवणी वर्गांच्या मधोमध, एक लहानसं पार्लर आहे. शाळेतून निवृत्त झाल्यावर मी अंबाडा सोडला आणि केस मानेपर्यंत कापून घेतले, तेव्हापासून तिथेच जाते. पार्लर चालवणारी बाई चाळिशीची आहे, हाताने हलकी, जिभेने चपळ. पहिल्याच दिवशी माझ्या मानेभोवती टॉवेल गुंडाळत तिने विचारलं, "काकू, घरी कोण कोण असते?"

"केस कापताना मला घरचं बोलायला आवडत नाही," मी म्हणाले.

तिला राग येईल असं वाटलं होतं. ती खुशीत म्हणाली, "बरं झालं बापा! सगळ्याइच्या सुना ऐकू ऐकू माहं डोकं दुखते."

त्यानंतर आम्ही वांग्यांवर बोललो, उन्हावर बोललो, दर वर्षी खणल्या जाणाऱ्या आमच्या रस्त्यावर बोललो. तिला मुलं किती हे मला आजही माहीत नाही. ही व्यवस्था मला फार आवडायची आणि मी ती इतरांना अभिमानाने सांगतही असे.

मागच्या मे महिन्यात एका दुपारी मी गेले तेव्हा ती आतल्या बाजूला, पडद्यामागे, कोणाचं तरी काम करत होती. मी खुर्चीत बसून वाट पाहत होते. तेवढ्यात लाइट गेली, पंखा थांबला. आत कोंडल्यासारखं झालं असेल, म्हणून कोणीतरी पडदा हातभर सरकवला. माझ्या समोरच्या आरशात आतलं सगळं दिसलं. पंचविशीची एक मुलगी बसलेली. डोक्याच्या वरच्या भागावर तळहाताएवढी जागा अगदी गुळगुळीत, केसांचा मागमूस नाही, आणि कानामागे आणखी एक तशीच. पार्लरवालीच्या हातात केसांचा एक पॅच, टोपीच्या तुकड्यासारखा. मुलीची आई वर्तमानपत्राने वारा घालत होती. केस झडून अशा चकत्या पडतात ती चाई मी ओळखते. माझ्या वर्गात एका मुलीला होती.

त्या मुलीने आरशातून माझ्याकडे पाहिलं. मी मान खाली घातली. पडदा पुन्हा बंद झाला आणि आत हळू आवाजात बोलणं चाललं. थोड्या वेळाने त्या दोघी माझ्या मागून निघून गेल्या. मुलीच्या खांद्यावर दाट काळे केस होते.

माझे केस ओले करताना पार्लरवाली नुसतं "काकू..." म्हणाली आणि थांबली.

"मी काही पाहिलं नाही," मी म्हणाले.

तिने मान हलवली आणि कात्री चालू केली.

दिवाळी झाल्यावर अकोल्याहून तुमच्या आजोबांच्या बहिणीचा, म्हणजे माझ्या नणंदेचा, फोन आला. त्यांची शेती हिवरखेडला आहे, घर अकोल्यात. एकुलता एक मुलगा बँकेत आहे आणि बत्तिशीचा झाला तरी लग्न जमत नव्हतं. "वहिनी, पोरगी पाह्यले चालतो आमी. शिकेल हाय, एमएस्सी. तुमी या. दोन शब्द इंग्रजीत बोलून पाहजा तिच्याशी."

मी गेले. अकोल्यातच, मोठ्या पुलापलीकडे, मुलीचं घर होतं. मुलगी पोह्यांचा ट्रे घेऊन बाहेर आली आणि मी तिला ओळखलं. तिनेही मला ओळखलं. सगळ्यांच्या हातात बशा देत देत ती शेवटी माझ्यापाशी आली, तेव्हा माझी बशी तिने हातात न देता टीपॉयवर ठेवली. मी तिला इंग्रजीत काहीही विचारलं नाही. नणंदबाईंनी कोपराने ढोसलं तरी नाही.

सगळं सुरळीत चाललं होतं. मुलगा आणि मुलगी गच्चीवर पंधरा मिनिटं बोलून आले. खाली उतरताना आमचा भाचा हसत होता. निघायच्या बेतात नणंदबाई म्हणाल्या, "केस मोठे सुंदर हायेत पोरीचे."

मुलीची आई गडबडली. एवढ्यावर नुसतं हसली असती तर चाललं असतं. पण ती म्हणाली, "हो, काळजी घेते ना. अमरावतीले राजापेठेत एक बाई आहे, महिन्याच्या महिन्याले तिच्याकडेच जाते."

ऑटोत बसताच नणंदबाईंनी सुरुवात केली. "अकोल्यात का पार्लर नाईत वो, वहिनी? महिन्याच्या महिन्याले अमरावती? कोणीतरी पोरगा असल तिथं."

"काहीतरीच काय, ताई. आई बरोबर असते तिची."

हे मला कसं माहीत, असं त्यांनी विचारलं नाही. माझं नशीब. भाचा पुढे ऑटोवाल्याशेजारी बसला होता, त्याने मागे वळून म्हटलं, "आई, तू पोलिसात भरती हो."

"तू गप. वहिनी, राजापेठेत म्हणजे तुमी जाता तेच त पार्लर नाई?"

इथे मी "नाही" म्हणायला हवं होतं, किंवा "राजापेठेत वीस पार्लरं आहेत" म्हणायला हवं होतं. मी म्हणाले, "असेल तेच."

"मंग झालं. पुढल्या हप्त्यात सोमवारी मी येते. पार्लरवालीले सगळं माहीत असते."

आपल्याकडे स्थळाची चौकशी अशीच होते. किराणावाला, शिंपी, शेजारच्या घरची कामवाली यांच्याकडे आडून आडून विचारायचं. पूर्वी मीही केलेली आहे, तुमच्या काकाच्या लग्नाच्या वेळी. त्यामुळे त्यांना येऊ नका म्हणायला माझ्याकडे तोंड नव्हतं, असं मी तेव्हा स्वतःला सांगितलं. खरं म्हणजे नणंदेशी वाईटपणा नको होता.

सोमवारी त्या आल्या. पार्लरमध्ये आम्ही तिघीच होतो. नणंदबाई खुर्चीत बसल्या, "शेंडे सारखे करून दे फक्त, माही मान दुखते," म्हणाल्या. मी मागच्या बाकावर बसले. पार्लरवालीने त्यांची वेणी सोडली, पाणी फवारलं.

"अकोल्याहून येतात म्हणे तुह्याकडे गिऱ्हाइकं," नणंदबाई म्हणाल्या.

"कुठून कुठून येतात, मावशी."

"एक एमएस्सीवाली पोरगी येते. गोरीपान. आई असते संगं."

कंगवा थांबला नाही. "लय जणी येतात. मी नाव विचारत नाही."

"माह्या पोराले सांगून आली हाय. जन्माची गोष्ट, म्हणून विचारून राहिली. ते इथून कुठं जाते? कोणी भेटाले येते का तिले? फोनवर बोलते का?"

"मावशी, गिऱ्हाइकाचं मी कोणाले सांगत नाही. उद्या तुमचं कोणी विचारलं तर तुमचंही सांगणार नाही."

"माहं काय हाय सांगासारखं?"

"मान दुखते म्हणाल्या ना तुमी आत्ता, तेही नाही सांगणार," पार्लरवाली हसून म्हणाली. तिने फार चांगला प्रयत्न केला. पण नणंदबाई हसल्या नाहीत. त्या आरशातून माझ्याकडे पाहू लागल्या.

"पाह्यलं, वहिनी? लपवासारखं काही नसतं त ही म्हणाली असती, चांगली पोरगी हाय म्हणून. अशी गप्प कावून बसते मंग? मी आजच नाई म्हणून फोन करून देते त्याइले. पोरगी बाहेरख्याली निघाली त मी गावात तोंड कुठं दाखवू?"

मला त्या क्षणी काय वाटलं ते प्रामाणिकपणे लिहिते. त्या निर्दोष मुलीवर भलताच डाग लागतो आहे आणि तो पुसायला फक्त मीच आहे, असं वाटलं. आपण न्यायाने वागतो आहोत असंही वाटलं. पार्लरवाली आरशातून माझ्याकडे पाहत होती आणि तिने मान अगदी थोडी, नाही म्हणून, हलवली. मी ते पाहिलं.

"ताई, तसं काही नाही," मी म्हणाले. "ती इथे केसांसाठीच येते. मी स्वतः पाहिलंय."

"शेंडे कापाले? अकोल्याहून?"

काय बोलून गेले ते माझ्या लक्षात आलं. पण तोवर उशीर झाला होता. नणंदबाईंची नजर माझ्यावरून पडद्याकडे गेली. पडदा त्या दिवशी बाजूला केलेला होता आणि आतल्या फळीवर थर्मोकोलच्या डोक्यांवर दोन पॅच लावून ठेवलेले होते. त्या खुर्चीतून अर्धवट तिकडे वळल्या.

"किती गेले?" त्यांनी विचारलं.

"मावशी, मान सरळ ठेवा," पार्लरवाली म्हणाली.

"चाई हाय का? पोरांमध्ये उतरते ते."

"मान सरळ ठेवा. कात्री लागल."

उरलेले केस तिने भराभर कापले. नणंदबाई टॉवेल झटकून बाहेर गेल्या. मी त्यांच्या मागे निघाले तेव्हा पार्लरवाली दाराशी आली.

"काकू, त्या दिवशी लाइट गेली तवा ते पोरगी आत रडून राहिली होती. मले या बाईनं पाह्यलं, असं म्हणे. मीच तिले सांगितलं, घाबरू नको, या काकू कोणाजवळ बोलत नाहीत."

तिने दार लावून घेतलं.

पुढचं मला भाच्याकडून कळलं. त्याच संध्याकाळी अकोल्यात घरी भांडण झालं. त्याला सगळं आधीच ठाऊक होतं. गच्चीवर गेल्यावर मुलीने पहिल्या पाच मिनिटांत सांगितलं होतं, पॅच कुठे बसतो तेही दाखवलं होतं आणि म्हणाली होती, तुमच्या आईला मी माझ्या तोंडाने सांगेन, मला पंधरा दिवस द्या. तो कबूल झाला होता. आमच्या सोमवारच्या वेळी त्यातले नऊ दिवस झाले होते.

त्याने आईशी बोलणं सोडलं, जेवायला बाहेर जाऊ लागला. आठ दिवसांत नणंदबाई नमल्या. त्यांनी मुलीच्या घरी फोन करून, आमची काही हरकत नाही, असं कळवलं. वर, आमच्या वहिनीनं सांगितलं म्हणून बरं झालं, नाही तर अंधारात राहिलो असतो, असंही म्हणाल्या.

मुलीने नकार दिला. भाच्याला तिने एवढंच सांगितलं, "मी बोलणार होती. आता माह्याजवळ बोलाले काय ठेवलं तुमी?" त्यानंतर तिने त्याचा फोन उचलला नाही.

मी तिला पत्र लिहिलं, इंग्रजीत नाही, मराठीत, दोनदा खाडाखोड करून. पत्ता मिळवायचा तर पुन्हा कोणाला तरी विचारावं लागलं असतं. म्हणून ते पाठवलं नाही. पार्लरमध्ये जायचंही मला धाडस झालं नाही.

आणि मग मागच्या मंगळवारची गोष्ट. मंगळवारी पार्लरची सुट्टी असते. मी भाजी घेऊन अकराच्या सुमारास परतत होते, तर पार्लरचं शटर अर्धं वर होतं. पायरीवर त्या मुलीची आई बसली होती, पिशवी मांडीवर घेऊन. म्हणजे पार्लरवाली मुलीला आता सुट्टीच्या दिवशी बोलावते, दुसरं कोणी असू नये म्हणून. मी रस्ता ओलांडून पलीकडच्या कडेने घरी आले.

भाजी निवडायला बसले आणि फाटक वाजलं. भाचा. अकोल्याहून मोटारसायकलवर आला होता, तोंड धुळीने माखलेलं. पाणी प्यायला आणि म्हणाला, "मामी, ती अजून येते का इथं? मले फक्त दिवस सांगा. एकदा समोरासमोर बोलतो, मंग नाई म्हणाली तर नाई."

मी पालकाच्या काड्या बाजूला करत राहिले. घड्याळात साडेअकरा झाले होते. ती चार मिनिटांवर होती.

"मी सांगणार नाही," मी म्हणाले.

"म्हणजे तुमाले माहीत हाय."

"माहीत आहे की नाही, तेही सांगणार नाही. तिला लिही. तिला बोलायचं असेल तर ती बोलेल."

तो उठून उभा राहिला. त्याचा आवाज चढला नाही, हेच मला जास्त लागलं. "माह्या आईले सांगता आलं तुमाले. मले नाई?"

"हो," मी म्हणाले.

चहा ठेवते म्हटलं तर नको म्हणाला. हेल्मेट घातलं, गाडी सुरू केली आणि फाटकाबाहेर क्षणभर थांबला. मी पदराला हात पुसत दारात उभी होते. त्याने दोन्हीकडे पाहिलं. पार्लर आमच्या घरापासून उजवीकडे आहे. त्याने गाडी डावीकडे वळवली आणि बडनेऱ्याच्या, म्हणजे परत अकोल्याच्या, रस्त्याला लागला.