ज्या पानावर माझे बाबा आहेत

मंडळी, आवडत्या पुस्तकाबद्दल गोडगोड वाचायचं असेल तर ही पोस्ट सोडून द्या.

आज डिचोलीत आमच्या गावच्या खाणीवरच्या पुस्तकाची चर्चा होती. लेखक गावातलेच निवृत्त मास्तर. बाबा माझ्या शेजारीच बसले होते.

त्या पुस्तकात बाबांनी देवळात गावातर्फे देवापुढे घातलेलं गाऱ्हाणं छापलंय. "जो कोण खाणीच्या आड येयत, तेच्या घरात दिवो लावूक कोण उरता नये!" आणि अख्खा गाव म्हणाला, "व्हय म्हाराजा!"

आड आला होता तो बाबांचा सख्खा भाऊ. खाणीच्या चिखलाने त्याचं शेत बुजलं होतं. मला मात्र घरी सांगितलं, काका विक्षिप्त होता, म्हणून मुरगावला गेला. तिथे तो एकटाच मेला.

चहाच्या वेळी मास्तर हळूच म्हणाले, "पुढच्या आवृत्तीत ते पान गाळतो. बाबांचं वय झालं."

बाबांनी माझा हात धरला. "काढूक सांग गो बाय."

मी म्हटलं, "मास्तर, राहू द्या. त्या एका पानासाठीच हे पुस्तक माझं आवडतं आहे. आमच्या घराने जे लपवलं, ते मला त्याने सांगितलं."

आम्ही गाडीने घरी निघालो. आमोण्याच्या पुलावर बाबा म्हणाले, "मी मेल्यार तरी काढूक सांगशीत?"

"तुमच्या बाराव्याला मोठ्याने वाचीन."

मी जास्त बोलले का? खरं काय वाटतं ते लिहा. फक्त एकाने म्हटलं म्हणून सगळ्यांनी "व्हय म्हाराजा" करू नका.