फितुराचे आठ सेकंद

किस्से कुणी मुद्दाम जमवत नाही. स्वयंपाकघराच्या दारामागे पिशव्या साठतात तसे ते साठतात. एक ओढायला जावं तर सगळ्या अंगावर येतात! त्यातून ज्या माणसाने एकच फिल्म रोज चारदा, तीही वर्षानुवर्षं दाखवली, त्याच्या दारामागे काय झालं असेल बघा.

तो माणूस मी. खारबावच्या पुढे खाडीकाठी एक छोटासा किल्ला आहे. ऐंशी-नव्वदच्या काळात तिथे येणाऱ्यांना किल्ल्याच्या इतिहासावरची बारा मिनिटांची फिल्म दाखवत. मी तिचा ऑपरेटर. राहायला भिवंडीत निजामपुऱ्यात, ड्युटी किल्ल्यात. जोडीला चौकीदार दामूभाऊ, तिथल्याच गावचा. आणि आमच्या डोक्यावर देवधरसाहेब.

*

फिल्म मुकी होती, कॉमेंट्री वेगळ्या कॅसेटवर. टेपरेकॉर्डर सेलवर चालायचा आणि प्रोजेक्टर विजेवर. भिवंडीची वीज म्हणजे आधी कापडाच्या लूमची, उरली तर माणसांची! लूम जोरात असले की व्होल्टेज पडायचं. मग फिल्म रेंगाळायची आणि कॉमेंट्री पुढे पळायची.

एकदा शाळेची सहल आली. कॅसेट गरजली, "हेच ते शूर किल्लेदार रायाजीराव!" पडद्यावर अजून खाडीत डुंबणारी म्हैस! पोरं शांतपणे बघत होती. मी घाम पुसत होतो.

पुढच्या आठवड्यात बाईंनी पोरांचे निबंध कौतुकाने आम्हाला पाठवले. पहिल्याच निबंधात होतं, "किल्लेदार अंगाने जाड व रंगाने काळे होते. ते शत्रूची वाट बघत पाण्यात बसून राहात."

साहेबांनी तो निबंध फाईलला लावला. शेरा काय मारावा हे मात्र त्यांना शेवटपर्यंत सुचलं नाही.

*

फिल्ममध्ये सगळी आजूबाजूच्या गावांतली माणसं होती. मुंबईच्या डायरेक्टरने दोन टेम्पो भरून आणली आणि निम्म्यांना मावळे केलं, निम्म्यांना फिरंगी. राहिला फितूर. किल्ल्याचा दरवाजा आतून उघडून देणारा. त्यासाठी त्याने निवडले महादूबाबा, म्हणजे आमच्या दामूभाऊचे वडील!

आठ सेकंदांचं काम. पण गावाला तेवढं पुरलं. घराला नाव पडलं 'फितुराचं घर'. पोरं दामूभाऊला "दरवाजा उघड रे!" म्हणून चिडवायची. आणि चौकीदारच असल्यामुळे त्याला तो रोज सकाळी उघडावाच लागायचा!

चेष्टा तिथेच थांबली असती तर चाललं असतं. पण दामूभाऊची मुलगी सुनंदा लग्नाची झाली आणि चांगली दोन स्थळं याच पायी परत गेली. "नको रे बाबा त्या घरातली," म्हणे! मला फार वाईट वाटायचं. पोर गुणाची होती.

दामूभाऊ साहेबांकडे गेला. "सायेब, तेवढ्यावर कात्री मारा. आठच सेकंद हायेत."

साहेब खुर्चीतून उठले. "दामू, इतिहासाला कात्री लावता येत नाही!"

"इतिहास न्हाय सायेब, माजा बाप हाय तो!"

*

खुद्द महादूबाबांना याचं काही नव्हतं. ते रोज पहिल्या रांगेत येऊन बसायचे. एका पाहुण्याने त्यांना ओळखलं आणि विचारलं, "आजोबा, फितुरी करताना मनाला काही वाटलं नाही?"

बाबा ताठ झाले. "चार टायम शूटिंग केलं. चारी टायम दरवाजा मीच उघडला. एकदा पन अडाकला न्हाय!"

*

साहेब ऐकत नाहीत म्हटल्यावर दामूभाऊने स्वतःच बंदोबस्त केला. नेमका तो सीन आला की प्रोजेक्टरसमोर जाऊन उभा राहायचा. पडद्यावर बाबा गायब आणि त्यांच्या जागी छपरापर्यंत पोचलेली काळी सावली!

पहिल्यांदा उभा राहिला तो शुक्रवार होता. लूमला सुट्टी, त्यामुळे हॉलमध्ये सगळे कारीगर. एकजण ओरडला, "अरे बाप रे! दरवाजा तो भूत ने खोला!"

पुढच्या शुक्रवारी हॉलमध्ये उभं राहायला जागा नव्हती. तिकीट मागताना प्रत्येकजण एकच विचारत होता, "भूतवाली पिक्चर यही है ना?"

*

एकदा फिल्म तुटली. तुटली तीही दोन ठिकाणी, आणि बाबांचा तुकडा माझ्या हातात आला! मी जोड शोधतोय तोवर अन्सारी नावाचा एक कारीगर उठून आला. "हटो ऑपरेटरसाब. दिन में सौ धागे जोडता हूँ, एक ये भी सही."

जोडलाही झकास. फक्त जागा चुकली. तुकडा लागला शेवटी! आता फिरंगी कसे कुणास ठाऊक आत शिरायचे, लढाई व्हायची, किल्लेदार पडायचे, सगळं शांत व्हायचं आणि मग बाबा सावकाश येऊन दरवाजा उघडायचे.

दामूभाऊने माझे हात धरले. डोळ्यांत पाणी! "जाधवभाऊ, आता कसं बरोबर झालं! लढाई संपल्यावर बाबा फकस्त झाडलोटीला दार उघडतोय!"

तो आनंद दोन दिवस टिकला. तिसऱ्या दिवशी साहेबांनी फिल्म बघितली आणि इतिहास पुन्हा जागेवर बसवला.

*

मग जवळच्याच पूर्णा गावाहून तिसरं स्थळ आलं. मुलगा गोडाऊनला कामाला, सरळ. मुलाला सुनंदा पसंत, सुनंदाला मुलगा. पण मुलाचा मामा अडून बसला. "लोक काय काय बोलतात. आधी फिलम बघू, मंग सुपारी."

मुलाचे आजोबा एकटे म्हणत होते, "फिलम कसली बघताय? उन्हं चढली, चला घरा." म्हातारा समजूतदार दिसतोय, असं मला वाटलं. पण मामापुढे कुणाचं चालेना.

मी दिवे मालवत होतो तेवढ्यात सुनंदा हळूच येऊन म्हणाली, "काका, आज लाईट गेली तर बरं होईल."

लाईट गेली नाही. व्होल्टेज मात्र एवढं पडलं की आठ सेकंदांचे वीस झाले! पडद्यावर महादूबाबा अडसर सरकवतायत, सरकवतायत, संपतच नाही! मामा म्हणाला, "हाच ना तो?" दामूभाऊ भिंतीकडे तोंड करून उभा राहिला.

दरवाजा उघडला. टोपी, खोटी दाढी, हातात तलवार असा पहिला फिरंगी आत आला. रोज तो धावत निघून जायचा, कुणाच्या लक्षात यायचं नाही. आज सगळं दिसलं. आतल्या कोनाड्यात गणपती आहे. फिरंगी थबकला. त्याने तलवार काखेत मारली, टोपी काढली, दोन्ही हात जोडले, कान धरले. मग टोपी घालून किल्ल्यावर तुटून पडला!

मामा खो खो हसत सुटला. "आरं, ह्यो कसला फिरंगी? गनपतीच्या पाया पडतंय येडं!"

अंधारात मुलाचे आजोबा भडकले, "मंग? देवाम्होरून तसाच जाऊ?"

हॉलमधल्या सगळ्या माना आजोबांकडे वळल्या.

पहिल्या रांगेतून महादूबाबांचा आवाज आला, "मंग या की आत, व्याही! दरवाजा तुमच्यासाटीच उघडला व्हता!"