फेस थांबेपर्यंत

लाँड्रीत सगळे त्याला डागवाले म्हणायचे. मालकही तेच म्हणायचा, गिऱ्हाइकंही तेच. धुणारे वेगळे होते, इस्त्रीला वेगळा माणूस होता. ह्याचं टेबल मागच्या खिडकीखाली. त्यावर एक वाकता दिवा, मऊ ब्रश, कापसाचे बोळे आणि तपकिरी बाटल्या. जो डाग बाकीच्यांपुढे हटून बसायचा तो त्याच्याकडे यायचा.

रक्ताच्या डागावर त्याचा हात बसलेला होता. आधी गार पाणी. मग पेरॉक्साइडचा थेंब. फेस यायचा, तो टिपायचा. पुन्हा थेंब, पुन्हा फेस. फेस थांबला की रक्त संपलं. नवीन येणाऱ्याला तो एवढंच शिकवायचा, "फेस आहे तोवर हात सोडायचा नाही."

इस्त्रीवाला त्याचा जुना दोस्त. तो म्हणायचा, "डागवाले, तुमच्या हातात चंद्र दिला तर तोसुद्धा पांढरा सफेद करून द्याल."

"जुना डाग आहे तो," हा मान वर न करता म्हणायचा. "वेळेवर आणला असता तर बघितलं असतं."

कपड्यांना नंबराची चिठ्ठी टाचणीने लावत. अशीच एक टाचणी त्याच्या बुटात पडली. संध्याकाळी घरी बायकोने त्याचा मोजा उचलला तर तळवा लाल आणि ओला. टाचणी अंगठ्याखाली रुतून बसली होती.

"अहो, ह्याच्यावर दिवसभर चाललात?"

"कळलंच नाही गं."

तिने टाचणी ओढून काढली. त्याला बरीच वर्षं साखर होती. पाय बधिर होत चालल्याचं डॉक्टर सांगत आले होते. ते खरं असेल असं दोघांनाही वाटलं नव्हतं.

दवाखान्यातली पट्टीवाली सिस्टर तोंडाने फटकळ होती, हाताने हलकी. पहिल्याच दिवशी तिने दम भरला. "काका, जखम साधी नाही ही. बिघडली तर बोट जाईल, मग पाय. मी बांधलेली पट्टी मीच सोडणार. घरी हात लावायचा नाही. मावशी, लक्ष ठेवा ह्यांच्यावर."

"माझं ऐकतात होय ते!" बायको म्हणाली.

काही आठवडे गेले. गोळ्या वेळेवर चालल्या होत्या, चहा बिनसाखरेचा झाला होता, तरी जखम भरेना. एकदा पट्टी सुटल्यावर तो वाकून बघत राहिला. लालभडक, दाणेदार, वर पातळ ओल.

"हे अजून साफ का होत नाही?"

"होतंय की," सिस्टर कापूस फिरवत म्हणाली. "रक्तातल्या पांढऱ्या पेशी आत येतात. आधी एक टोळी येते, जंतू खाते आणि तिथेच मरते. मग मोठ्या पेशी येतात. त्या मेलेल्यांना गिळतात, सगळा कचरा उचलतात. सफाई कामगारच म्हणा ना. आणि एकदा सफाई झाली ना, की ह्याच पेशी..."

बाहेरून कुणीतरी हाक मारली. सिस्टर गेली. परत आली तेव्हा हातात पट्टी होती आणि बोलणं राहून गेलं होतं.

त्याच्या डोक्यात सफाई कामगार बसले. घरी जाताना तो बायकोला म्हणाला, "आपल्या अंगातले कामगार ढिले आहेत गं. इतके दिवस घेतात म्हणजे काय?"

"तुमच्यावरच गेले असतील," ती म्हणाली. "एका डागापायी अख्खी दुपार घालवणारे."

दोघं हसली. त्या दिवसांतलं ते शेवटचं हसणं.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत त्याने टेबलामागे बसून पट्टी सोडली. पेरॉक्साइडची बाटली हाताशीच होती. थेंब टाकला. फेस उसळला, पांढरा, चांगला दाट. म्हणजे घाण होती. त्याने टिपला, पुन्हा टाकला. दुखलं नाही. पाय बधिर होता. पट्टी त्याने तशीच परत बांधली, घडी जुळवून. त्याच्या हाताला ते कठीण नव्हतं.

मग ते रोजचंच झालं. इस्त्रीवाल्याने एकदा पाहिलं.

"अहो, सिस्टरने नको म्हटलंय ना?"

"सिस्टरला पट्टी कळते. रक्त मला कळतं."

इस्त्रीवाल्याला ते पटलं. त्यांच्या दुकानात ते कुणालाही पटलं असतं.

आणि एका दुपारी फेस आला नाही. त्याने आणखी थेंब टाकला, वाट पाहिली. काही नाही. जखम फिकट, कोरडी. लाली नाही, ओल नाही. घरी पोचताच त्याने बायकोला हाक मारली. "अगं, संपलं. फेस थांबला." तेव्हा कुठे तिला बाटलीचं कळलं. ती चिडायच्या बेतात होती, पण त्याचा चेहरा बघून गप्प बसली. पुढे कितीतरी दिवस ती त्या गप्प बसण्याला बोल लावत राहिली.

दवाखान्यात सिस्टरने पट्टी सोडली आणि थांबली. कडेला काळं पडायला लागलं होतं. बोटाने दाबून बघितलं.

"काका, काय लावलंत?"

त्याने सगळं सांगितलं. नवीन माणसाला शिकवावं तसं, थोडं ऐटीतच. थेंब, फेस, टिपणं.

सिस्टर स्टुलावर बसली. फटकळपणा कुठे गेला कोण जाणे. "फेस घाणीचा नसतो हो, काका. रक्ताला येतो, जिवंत पेशींना येतो. फेस थांबला म्हणजे तिथे कुणी उरलं नाही."

त्याने वाकून पायाकडे बघितलं.

"मी त्या दिवशी सांगत होते. सफाई झाली की ह्याच मोठ्या पेशी काम बदलतात. साफ करणं थांबवतात आणि नवं मांस, नवं कातडं घडवणाऱ्यांना बोलावतात. तुम्ही बघितलंत ते लाल दाणेदार, ते नवं मांस होतं. साखरेच्या अंगात मुळात त्यांना थांबायचं लवकर कळत नाही. साफच करत बसतात. त्यात तुमच्याकडे रक्तही कमी पोचतं. सगळं बाटलीमुळे झालं असं मी म्हणणार नाही. पण जे थोडे कामाला लागले होते..."

ह्या वेळी तिला कुणी हाक मारली नाही. तरी तिने वाक्य पुरं केलं नाही.

आधी बोट गेलं. मग गुडघ्याखालून पाय.

इस्त्रीवाला भेटायला आला. काहीतरी गमतीचं बोलायचं ठरवून आला होता. खाटेजवळ उभा राहिला. पांघरूण एका बाजूला सपाट होतं. "मालक विचारत होते," एवढंच म्हणाला आणि खिडकीतून बाहेर बघत बसला.

आता नवी जखम होती. तळव्याच्या जखमेपेक्षा मोठी, टाक्यांची. एका कोपऱ्यात टाके उसवले होते. ते भरलं नाही तर अजून वर कापावं लागेल, असं डॉक्टर सांगून गेले होते. पट्टी सुटायची तेव्हा तो तोंड भिंतीकडे करायचा आणि दोन्ही हात पाठीखाली घालायचा. सिस्टरने पहिल्यांदा विचारलं, "हात कशाला दाबताय?" बायकोला कळलं.

एका सकाळी पट्टी सुटली.

"कसं आहे?" त्याने भिंतीलाच विचारलं.

बायको वाकली. तिला ह्यातलं काही कळत नव्हतं. जे दिसलं ते तिने भीत भीत सांगितलं.

"लाल आहे हो. कोपऱ्यात अगदी लाल. ओलंही आहे थोडं."

"दाणेदार?"

"दाणेदार."

"बरं आहे," सिस्टर हळूच म्हणाली. "अजून सांगता येत नाही. पण बरं आहे."

बायकोने चादर सरळ केली. जखमेखाली चादरीवर रक्ताचा एक डाग पडला होता, ताजा. तिने सवयीने विचारलं, "हा लगेच काढू का?"

तो भिंतीकडेच बघत होता.

"राहू दे," तो म्हणाला.