नवतप्यातला कूलर

कांदाचाळीचं दार उघडलं आणि गार हवा तोंडावर आली. बाहेर नवतपा, उन्हाळ्यातले सर्वांत तापलेले नऊ दिवस, नागपूरचा पारा पंचेचाळीसच्या वर, आणि माझ्या चाळीत थंडावा! सडक्या कांद्याचा वास त्यानंतर आला.

उन्हात टिकणारा कांदा तयार करणं हे संशोधन केंद्रातलं माझं काम. निरनिराळे कांदे भर उन्हाळ्यात हवेशीर चाळीत ठेवायचे. पंखा नाही, पाणी नाही. सुकतील, सडतील ते बाद. ठणठणीत राहतील तेच हिवाळ्यात लावून त्यांचं बी धरायचं. इतक्या वर्षांत एकच लाईन, म्हणजे होऊ घातलेला वाण, दोन उन्हाळे पास झाली होती. हा तिसरा काढला की तिला नाव मिळणार होतं. तोवर नुसता नंबर, अकरा. मी मनातल्या मनात बारशाची तयारी करून बसले होते.

कोपऱ्यात भला मोठा डेझर्ट कूलर घरघरत होता. गारवा बाहेर जाऊ नये म्हणून चाळीच्या उघड्या बाजूंना ताडपत्र्या बांधलेल्या. आमचे फील्ड असिस्टंट वासुदेवभाऊ मान खाली घालून उभे होते.

"हे काय गा भाऊ?"

"साहेबानं लावाले सांगितलं, मॅडम. तुमी काटोलच्या प्लॉटवर गेल्या, त्याच्या दुसऱ्याच दिवशी. दिल्लीचे पाहुणे येऊन राहिले म्हने. पंधरा दिवस झाले, आज येतीन, उद्या येतीन."

"मग आले?"

"नाई ना. पर बंद करू नको म्हने."

"मले फोन काहून नाही केला?"

"साहेब म्हने, मॅडमले मीच सांगतो."

कूलरची हवा ओलसर. माणसाला बरी, कांद्याला विष. अकरा नंबरचा कांदा दाबला की बोट आत जात होतं. थोडे चांगले उरले होते, पण ते स्वतःच्या गुणानं टिकले की कूलरच्या कृपेनं, हे कोण सांगणार? जुन्या बियांचाही आधार नव्हता. कांद्याचं बी साध्या खोलीत वर्षभरात उगवेनासं होतं.

मी तडक केंद्रप्रमुख साहेबांच्या केबिनमध्ये गेले आणि कूलर का लावला ते विचारलं.

"अहो, पाहुण्यांना त्या भट्टीत उभं करायचं का?"

"सर, ती भट्टी हीच परीक्षा होती."

"झालं ते झालं. रिपोर्टमध्ये हीटवेव्हमुळे नुकसान असं लिहा."

"उन्हानं एकही कांदा मेला नाही. मी लिहिणार नाही."

मग त्यांनीच लिहिलं.

आढावा बैठकीत अकरा नंबर बाद झाला. कारण, उष्णता सोसत नाही. मी उठून कूलरचं सांगितलं. समितीतले दोघं हसले. तिसऱ्यानं एसी जरा वाढवायला सांगितला.

घरी येऊन मी रडले. उन्हाला पुरून उरलेला कांदा कागदावर उन्हानंच मेला, हे अजून घशाखाली उतरत नाही.

चाळीत आता दुसरे नंबर आहेत. अकराच्या तोडीचा एकही नाही. शिकले ते एवढंच, की कांदाचाळीत विजेचा प्लग ठेवू नये. मी तो काढून टाकला आहे.