गुरुवारच्या न उघडलेल्या फायली

गेल्या आठवड्यात फोनवर तू विचारलंस, "आजी, तुझ्या खुणांमध्ये गुरुवार का नसतो?" मी म्हटलं, नेट नव्हतं. तू हसलीस, कारण त्या फायली उघडायला नेट लागत नाही हे तूच मला शिकवलं होतंस. मग तू विषय बदललास आणि आजोबा कसे आहेत ते विचारलंस. फोन ठेवल्यावर माझ्या लक्षात आलं की दोन्ही प्रश्नांचं उत्तर एकच आहे आणि ते फोनवर सांगण्यासारखं नाही. म्हणून लिहिते आहे. तुझ्या भावालाही वाचायला दे. त्याला यातलं काही माहीत नाही, तेव्हा पहिल्यापासून सांगते.

आम्ही थेरगाव सोडून निघोज्याजवळच्या या सोसायटीत आलो ते उतारवयात जरा शांतता मिळेल म्हणून. शांतता काही मिळाली नाही, पण गॅलरीसमोर एक मोकळा माळ मिळाला. कुठल्याशा कंपनीने पुढेमागे वाढवायला म्हणून ठेवलेली जागा होती. कुसळी गवत, मुरूम, मध्ये एक डबकं. मागे रांगेने कारखाने. त्या माळावर टिटव्या होत्या. तू आलीस तेव्हा तुला तुझ्या पाखरांच्या आवाजाच्या अभ्यासासाठी नेमकी अशीच जागा हवी होती, कारखान्यांना खेटून असलेली. तू गॅलरीच्या कठड्याला ती हिरवी डबी बांधलीस. ती रात्रंदिवस आवाज टिपत राहते. रोज दुपारी मी तिच्यातलं कार्ड काढते, दुसरं घालते आणि आदल्या दिवसाची फाइल लॅपटॉपवर उघडते.

मला आधी वाटलं होतं, आता दिवसभर कानाला हेडफोन लावून बसावं लागणार. पण त्या सॉफ्टवेअरमध्ये आवाज ऐकायचा नसतो, पाहायचा असतो. डावीकडून उजवीकडे वेळ सरकते, वर बारीक आवाज, खाली जाड आवाज, आणि जितका मोठा तितका उजळ रंग. शंका आली तरच तेवढा तुकडा ऐकायचा. मग त्याभोवती चौकोन आखायचा आणि नाव द्यायचं. मी शाळेत आयुष्यभर इंग्रजी शिकवलं, तरी नावं मराठीतच दिली, त्यावर तू हसली होतीस. कोकीळ म्हणजे वर चढत जाणारी तिरपी रेघ. ट्रक मागे घेताना वाजतो तो हॉर्न म्हणजे एका सरळ ओळीत घातलेला धावदोरा. शेजारचा कुकर म्हणजे खालपासून वरपर्यंत धुराचा लोट. आणि टिटवी म्हणजे शिडी, एकावर एक वाकलेल्या पायऱ्यांची. एक शिडी, लगेच दुसरी, मग जरा थांबून दोन-तीन एकदम.

तुझे नियम मी तंतोतंत पाळले. अंदाजाने खूण करायची नाही. शंका असेल तिथे "खात्री नाही" लिहायचं. आणि फाइल रिकामी असली तरी तिच्यावर "काही नाही" लिहायचंच, नाहीतर ती कोणी पाहिलीच नाही असं धरलं जातं.

आजोबांचे कान कंपनीच्या प्रेस शॉपमध्ये, पत्रा ठोकणाऱ्या यंत्रांच्या दणक्याने गेले हे तुम्हाला माहीत आहे. माणसाचं बोलणं समोरून, मोठ्याने केलं तर कळतं; घंटी, शिट्टी, पाखरू काही नाही. आम्ही रोज सकाळी त्या माळाच्या भिंतीपर्यंत फिरायला जायचो. भिंतीला एक भगदाड होतं, तिथे ते उभे राहायचे. टिटवी आमच्यावर चाल करून यायची, डोक्यावरून फेऱ्या घालायची, आणि ते म्हणायचे, "चोच उघडती, पण आवाज न्हाई. टीव्हीचा आवाज बंद केल्यागत." घरी ते असंच बोलतात, राजगुरुनगरकडच्या आपल्या गावचं. कंपनीत आणि पाहुण्यांपुढे बोलायचे ते वेगळं.

पहिल्यांदा त्यांना मी ती शिडी दाखवली तेव्हा ते चहाचा कप हातात धरून तसेच उभे राहिले.

"ही काय?"

"तुमची टिटवी. काल पहाटेची."

"अशी वरडती व्हय ती!" त्यांनी पडद्यावर बोट ठेवलं आणि एकेका शिडीवरून फिरवलं. पडद्यावर डाग पाडलेले मला चालत नाहीत, पण तेव्हा मी ते पाडू दिले. मग म्हणाले, "आणि ही पल्याड बारकी?"

"ती दुसरी. लांबून उत्तर देते आहे."

"जोडी हाय म्हण की."

तेव्हापासून दुपारची फाइल आम्ही दोघं मिळून पाहायला लागलो. शेजारच्या बाईंना याचं नवल. त्या लातूरकडच्या, मनाने फार चांगल्या. एकदा वाटीभर लोणचं घेऊन आल्या आणि दारातच म्हणाल्या, "काकू, ती टिटवी लई वरडायलीय बघा सकाळपासून. घरात म्हातारं माणूस असताना चांगलं नसतंय ते."

आजोबांना मी त्यांचं बोलणं मोठ्याने परत सांगितलं. ते म्हणाले, "माझ्यासाठी वरडत असती तर मला ऐकू नसतं का आलं? बहिऱ्याला कोण हाळी मारतंय!" बाई इतक्या हसल्या की लोणच्याचं तेल साडीवर सांडलं.

आता गुरुवारचं सांगते. आपल्या पट्ट्यात कारखान्यांची सुट्टी गुरुवारी असते, रविवारी नव्हे. तुमच्या बाबाला विचारा, लहानपणी तो गुरुवारी शाळेत जाणार नाही म्हणून हटून बसायचा, कारण त्या दिवशी आजोबा घरी. माझी सुट्टी रविवारची, त्यांची गुरुवारची. आमच्या सगळ्या संसारात आठवड्याची सुट्टी एकत्र अशी कधी मिळालीच नाही. हे मला पाठ होतं, पण त्याचा आवाजाशी काही संबंध असेल असं कधी डोक्यात आलं नव्हतं. फायली पाहताना ते दिसलं. बाकीचे दिवस पडद्याच्या तळाला एक जाड पिवळा पट्टा असतो, डाळ खाली लागावी तसा. कॉम्प्रेसर, पंखे, भट्ट्या, जनरेटर, सगळ्यांची मिळून एक घरघर. शिफ्ट सुटताना तो आणखी वर चढतो, आणि टिटवी त्यात बुडते. कधी एखादी वरची पायरी दिसते, कधी तीही नाही. गुरुवारी मात्र पट्टा ओसरतो आणि पडदा धुतल्यासारखा होतो. लांबची टिटवीही स्पष्ट दिसते. म्हणून गुरुवारची फाइल आमच्याकडे सणासारखी उघडली जायची. शुक्रवारी जेवण झालं की आजोबा चष्मा पुसून तयार.

थंडी सरता सरता ते न्हाणीघरात पडले आणि खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन चांगलं झालं, हे मी कळवलं होतं. पुढचं पूर्ण कळवलं नाही. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, "यांना उभं करा. वॉकर धरून रोज चालवा. या वयात आडवं पडून राहिलं की माणूस परत येत नाही." आणि आजोबा उठायला तयार नव्हते. दुखतं म्हणायचे, उद्या म्हणायचे. व्यायाम करून घ्यायला येणाऱ्या मुलीला ते रागावून परत पाठवायचे.

ते उठले ते टिटवीमुळे. लॅपटॉप मी त्यांच्या पलंगावर नेऊन दाखवायची. एका गुरुवारच्या फाइलमध्ये दोघी दिवसभर अशा ओरडत होत्या की मी चौकोन आखून दमले. ते म्हणाले, "अंडी घातली आसणार. कुणाला तरी हाकलतीय." दुसऱ्या दिवशी त्यांनी स्वतः वॉकर मागितला. दारापर्यंत गेले आणि घामाघूम होऊन परतले. "पिल्लं निघाली की भगदाडापतूर जाणार," म्हणाले. "तवर पाय तयार पायजेत." मग रोज थोडं थोडं चालले. हॉलपर्यंत, गॅलरीपर्यंत. मी देवापुढे उभी राहून त्या पाखरांचे आभार मानले, खोटं कशाला सांगू.

आणि मग माळावर जेसीबी आला.

सोसायटीत सगळे खूश होते, समोर कंपनी आली की फ्लॅटला भाव येतो. माळाभोवती निळे पत्रे उभे राहिले. भगदाड बुजलं. सहाव्या मजल्यावरून मला लाल माती आणि डंपर दिसत होते. त्या मातीत मातीच्याच रंगाचं पाखरू मला दिसणं शक्य नव्हतं. आजोबांनी गॅलरीत उभं राहून पाहिलं आणि विचारलं, "डबकं कुठाय?" मी म्हटलं, "पत्र्यांमागे आहे." डबकं बुजवलेलं मी आदल्याच दिवशी पाहिलं होतं.

त्यानंतर फायलींमध्ये पिवळा पट्टा पडद्याच्या अर्ध्यावर चढला. रोज मी शोधायची. त्या घरघरीत कुठे एखादी वाकडी रेघ दिसली की ते विचारायचे, "ही न्हवं?" मी तो तुकडा ऐकायची. लोखंड घासल्याचा आवाज असायचा, कधी काहीच कळायचं नाही. मी "खात्री नाही" लिहायची. ते म्हणायचे, "आसंल. खाली आसंल दाबलेली." त्यावर नाही म्हणता येत नव्हतं. खरंच असू शकत होती.

पत्रे लागल्यानंतरच्या पहिल्या गुरुवारी कामही बंद होतं. पडदा स्वच्छ, आणि टिटवी होती. पण एकच. पहाटेपासून दुपारपर्यंत एकीच्याच शिड्या, आणि लांबून उत्तर नाही. आजोबा म्हणाले, "दुसरी अंड्यांवर बसली आसंल." पुढच्या गुरुवारी थोड्याच शिड्या, त्याही फिकट, लांबून आलेल्या. तुला फोन केला तेव्हा तू म्हणालीस, "एकदोन गुरुवारांवरून काही ठरवता येत नाही, आजी." तुझं शास्त्र बरोबर होतं. मी आजोबांना ते तसंच्या तसं सांगितलं, आणि त्या दिवशी ते जिन्यापर्यंत जाऊन आले.

त्याच्या पुढच्या गुरुवारी सकाळी मी चहा घेऊन गॅलरीत बसले. वीजही गेली होती, गुरुवारी जाते तशी. इतकं शांत की खालच्या वॉचमनची खुर्ची सरकलेली ऐकू आली. मी चहा निवेपर्यंत बसले, मग आंघोळ करून परत येऊन बसले. माझे कान चांगले आहेत. पण माझं ऐकणं आजोबांना पुरणारं नव्हतं, त्यांना दिसायला हवं होतं.

शुक्रवारी दुपारी ते स्वतः वॉकर घेऊन जेवणाच्या टेबलापाशी येऊन बसले. मी फाइल उघडली. असा स्वच्छ पडदा मी कधी पाहिला नव्हता. पहाटेची कोकीळ, तिची प्रत्येक रेघ मोजून घ्यावी अशी. कावळे. खालच्या मजल्यावरचा कुकर. वॉचमनचं खोकणं. मी हळूहळू पुढे सरकत गेले. सकाळ गेली, दुपार गेली, संध्याकाळी दिवे लागले असतील ती वेळ गेली. शेवटी ते म्हणाले, "मागं घे जरा. सकाळचं परत दाव." मी दाखवलं. परत दाखवलं.

"खात्री न्हाई लिही," ते म्हणाले.

मी काय करायला हवं होतं, हे तुम्हीच सांगा. सगळा जन्म मुलांच्या वह्यांमध्ये चुकीला चूक म्हणण्यात गेला. मी म्हटलं, "अहो, गुरुवार आहे हा. आवाज कुठे आहे लपायला?"

त्यांनी माझ्या तोंडाकडे पाहिलं, ओठ वाचायला पाहतात तसं. त्यांना कळलं होतं. म्हणाले, "मग जे आसंल ते लिही." मी "काही नाही" लिहिलं. ते उठले, वॉकर न घेता, भिंतीला धरून खोलीत गेले आणि आडवे झाले. मी मागून वॉकर नेऊन पलंगाशेजारी ठेवला.

शनिवारी दुपारी त्यांनी पडल्या पडल्या विचारलं, "काल वार कोणता व्हता?"

"शुक्रवार."

"मग उघड."

मी लॅपटॉप पलंगावर नेला. पट्टा परत चढला होता, पिवळा, अर्ध्या पडद्यापर्यंत, सगळं गिळून. ते कुशीवर वळून त्याच्याकडे बराच वेळ बघत राहिले. कसल्याशा रेघेवर बोट ठेवून म्हणाले, "हितं आसंल." मी तो तुकडा ऐकला नाही. तसाच चौकोन आखला आणि "खात्री नाही" लिहिलं.

तेव्हापासून गुरुवारची फाइल आम्ही उघडत नाही. कार्ड काढते, फाइल कॉम्प्युटरवर घेते आणि तशीच ठेवते. बाकीचे दिवस पाहतो. तुझ्या अभ्यासात माझ्या त्या शनिवारपासूनच्या "खात्री नाही" धरू नकोस. त्यातली एकही खरी नाही. गुरुवारच्या फायली तुला पाठवते, त्या मात्र खऱ्या आहेत. तू उघड. काही दिसलं तर त्याच दिवशी फोन कर, वेळ पाहू नकोस. काही दिसलं नाही तर काही कळवू नकोस.

आजोबा उठत नाहीत. डॉक्टर म्हणाले होते तसंच चाललं आहे. व्यायामाची मुलगी येते, त्यांचे पाय हलवून जाते. ते तिच्यावर आता रागावतही नाहीत. वॉकर पलंगाशेजारीच आहे. मी त्याच्यावर टॉवेल वाळत घालते.