राजेश्रीचा दुसरा दिवस

आमच्या घरात महालक्ष्म्या बसायच्या आधी, सकाळच्या चहाबरोबर गोळ्या वाटल्या जातात. पाळी पुढं ढकलायच्या. वाटते आमची सासू, सुमनबाई. आम्ही तिला आत्याबाई म्हणतो. घरात सुना दोन, मी थोरली आणि राजेश्री धाकटी. सोळा भाज्या, पुरणपोळ्या, आंबील, एवढा पसारा, आणि त्यात एखादीची अडचण येऊन ती बाजूला बसली तर चुलीपुढं उभं राहायचं कुणी? म्हणून गोळी. पालमच्या मेडिकलमधून त्या मीच आणते. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढच्या घोटाळ्यात माझाही हात आहे.

राजेश्री पूर्ण्याची, रेल्वेतल्या माणसाची लेक. बापाची ड्यूटी घड्याळावर चालायची, त्यामुळं हिलाही सगळं वेळेवर आणि तारखेवर लागतं. लग्नाला साडेचार वर्षं झाली, मूल नाही. दुसरी असती तर उपास धरत बसली असती. हिनं परभणीची एक डॉक्टरीण शोधून काढली. डॉक्टरीण म्हणाली, पाळी आली की दुसऱ्या दिवशी या, तपासण्या सुरू करू, आणि नवऱ्याला सोबत आणा, त्यांचीही तपासणी करायची आहे.

इथंच तर सगळं अडलं. तिचा नवरा भारत, म्हणजे माझा धाकटा दीर, माणूस वाईट नाही. पण दर महिन्याला नेमकं दुसऱ्या दिवशी त्याला काम निघायचं. कधी फवारणी, कधी ट्रॅक्टर बिघडलेला, कधी कुणाचं लग्न. मूल न होण्यात आपलाही वाटा असू शकतो, ही गोष्टच त्याच्या घशाखाली उतरत नव्हती. शेवटी पोळ्याच्या दिवशी माझ्यासमोर म्हणाला, "आता तुजी तारीख आली की येतो. बैलाची आन." त्या दिवशी राजेश्री दिवसभर हसत होती. तेवढंच तिला हवं होतं.

आणि मग आल्या महालक्ष्म्या.

सणानंतर गोळ्या बंद व्हायच्या होत्या. पण आत्याबाई म्हणाल्या, "तुमच्या मामाची तिथ पंचमीला हाय. पित्राच्या सैपाकाला दोघीबी पायजेत. तवर चालू ठिवा." सासऱ्याच्या श्राद्धाला नाही कोण म्हणणार? मी आणखी एक पाकीट आणलं. वीस दिवस आम्ही दोघी गोळ्या गिळत राहिलो. बंद केल्यावर माझी पाळी तिसऱ्या दिवशी आली. राजेश्रीची आली नाही. आठ दिवस गेले तरी नाही.

रोज सकाळी ती न्हाणीतून बाहेर यायची आणि माझ्याकडं बघून नाही म्हणून मान हलवायची. "अक्का, आशा करायचं भ्या वाटायलंय," एकदा म्हणाली. "अन् न करावी तर तेबी जमंना."

आमच्या घरात ही गोष्ट लपत नाही. बाजूला बसली नाही म्हणजे महिना चुकला, हे लहान पोरालाही कळतं. आत्याबाईंनी बोटं मोजली आणि हात जोडले, "लक्षुमी पावली!" भारतनं पालमहून पेढे आणले. एवढ्यावर थांबला असता तरी चाललं असतं. त्यानं परभणीला डॉक्टरणीकडं फोन करून, आता तपासणीला येत नाही म्हणून कळवूनच टाकलं. बाजारात तुरी आणि भट भटणीला मारी! सगळ्यात जास्त आनंद त्यालाच झाला होता, आणि तो बाप होण्याचा नव्हता, तपासणी टळल्याचा होता, हे मी शपथेवर सांगते.

मी आत्याबाईंना म्हणाले, "गोळ्यांनी पुढं गेलं असंल. वीस दिवस खाल्ल्यात तिनं."

"तूबी खाल्ल्यास की. तुजं बरं येळेवर आलं?"

मला कुठं डॉक्टरी येते!

राजेश्रीनं गावातल्या आशाताईकडून, धम्मशीलाकडून, तपासणीची पट्टी आणली. न्हाणीच्या दगडावर पट्टी ठेवून आम्ही दोघी बघत बसलो. एकच रेघ उमटली. दुसरीची वाट बघत राजेश्री किती तरी वेळ हलली नाही. मग डोळे पुसले आणि पट्टी नेऊन सासूपुढं धरली.

आत्याबाईंनी ती उलटी-सुलटी करून पाहिली. "फुकटात वाटतेत ह्या. फुकटच्या पट्टीला काय कळतंय? देवीचं देणं आसं मापतेत का?"

झालं. दुसऱ्या दिवसापासून राजेश्रीनं घागर उचलायची नाही, पपई खायची नाही, वाकायचं नाही. शेजारणी येऊन पोटाकडं बघून जायच्या. एक तर लोणचं घेऊन आली. राजेश्रीनं बरणी खाली आदळली, "पोटात काई न्हाई, अन् डोहाळे साऱ्या गावाला लागलेत!" चिडली तरी आत्याबाई खूश. दिवस गेल्यावर बाया चिडतातच म्हणे. आता तिनं खरं पटवायचं तरी कसं?

घटस्थापनेच्या दिवशी पहाटे तिला पाळी आली.

आत्याबाई मटकन खाली बसल्या. पण बाई कसली! क्षणभरच. लगेच माझ्याकडं वळून म्हणाल्या, "नऊ दिसाचा प्रश्न हाय. एक गोळी दे बरं तिला." आणि सांगायला लाज वाटते, माझा हात सवयीनं फडताळाकडं गेला.

"अक्का, हात खाली," राजेश्री म्हणाली. मग भारतकडं बघून, "उद्या दुसरा दिवस हाय. साडेसातच्या गाडीनं जायचंय."

"घट बसायलेत. नऊ दिवस शीव वलांडायची न्हाई," भारत म्हणाला. असला नियम आमच्या घरात मी बारा वर्षांत ऐकला नव्हता.

"पेढे वाटलेत गं, लोकास्नी काय सांगू?" आत्याबाई रडायला लागल्या.

"सांगा, तुमच्या पोराची तपासणी राहिलीय म्हणून."

घरात असं कुणी कधी बोललं नव्हतं. भारत उठून बाहेर गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मात्र त्यानं मोटारसायकल काढली. आम्हाला दोघींना फाट्यावर सोडलं, मी नुसती तिला गाडीत बसवून द्यायला आले होते. त्यानं राजेश्रीच्या हातात फाईल दिली आणि म्हणाला, "तू हो म्होरं. तुजं तपासून ये. तुज्यात काई न्हाई निघालं, तर मग माजं बघू."

राजेश्रीनं फाईल काखेत मारली. एसटी आली तशी चढली, खिडकीपाशी बसली. कंडक्टर आला. एसटीत बायांना हाफ तिकीट.

"परभणी. एक हाफ, एक फुल." एवढ्या मोठ्यानं म्हणाली की मला खाली ऐकू आलं.

"फुल कुणाचं?"

"खाली उभे हायत ते. माजे मालक. त्यांचीबी तपासणी हाय."

सगळी गाडी खिडक्यांतून भारतकडं बघायला लागली. एक म्हातारा ओरडला, "चढा की वो भाऊ! गाडी किती येळ थांबवायची?"

भारतचा चेहरा लालबुंद झाला. त्यानं मोटारसायकलची चावी माझ्या हातात कोंबली आणि चढला. राजेश्रीनं शेजारची पिशवी उचलून त्याला जागा केली. तो तिच्याकडं न बघता पुढं गेला आणि पार ड्रायव्हरच्या मागं जाऊन बसला.

मला इतका संताप आला, वाटलं ती चावी त्याच्या डोक्यात फेकून मारावी. राजेश्रीनं खिडकीतून हात केला.

"बसू द्या तिकडं, अक्का," ती म्हणाली. "उतरायचं तर एकाच ठिकाणी हाय."