लेंडीखतावरची राख

नायट्रोजन सलग तिसऱ्या बॅचमध्ये कमी आला.

मॅनेजर साहेबांनी रिपोर्ट माझ्या टेबलावर ठेवला. "मॅडम, बाबूराव लेंडीत माती घालतोय. उद्यापासून त्याचा माल बंद."

चिकलठाण्याजवळच्या आमच्या कंपोस्ट प्लांटची लॅब मी सांभाळायचे. आमचं मिश्रण साधं होतं. मंडईतला पालापाचोळा, मक्याची चिरलेली ताटं आणि मेंढ्यांची लेंडी. ताटांतून कार्बन मिळतो, लेंडीतून नायट्रोजन. नायट्रोजन कमी म्हणजे खत निकामी, आणि लेंडी देवगाव रंगारीच्या बाबूरावांची. संशय दुसऱ्या कुणावर जाणार?

"दोन दिवस द्या, पुराव्यानिशी पकडते," मी म्हणाले.

दुसऱ्या दिवशी बाबूरावांची गाडी आली. मी प्रत्येक पोत्यात पोकळ लोखंडी सळई घातली, तळातली लेंडी काढून पाण्यात कालवली. माती असती तर खाली बसली असती. नव्हती. तरी माझं समाधान होईना. आज तपासणी आहे हे याला आधीच कळलं असेल, असं वाटलं.

बाबूराव बघत उभे होते. "मॅडम, माती घालून मला काय मिळनार? वर्षभर मेंढ्यांमागं फिरतो, घर चालतंय ते ह्या लेंडीवरच. चोर ठरवायचं असंल तर तोंडावर म्हना."

मी नमुन्याच्या पिशवीवर त्यांचं नाव लिहिलं आणि लॅबकडे निघाले.

संध्याकाळी त्याच लेंडीचा रिझल्ट आला. नायट्रोजन चांगला होता. म्हणजे माल गेटवर चांगला आणि खतात वाईट. आता मला आमच्याच माणसांचा संशय यायला लागला. दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत कुणाला न सांगता मी शेडमध्ये शिरले. डोळे झोंबले. आमच्या सुपरवायझर कांताबाई ओल्या ढिगावर घमेल्यानं राख पसरत होत्या.

"हे काय चाललंय?"

"राख हाय, मॅडम. हॉटेलच्या भट्टीची."

"कुणी सांगितलं?"

"तुमीच की! शेजारच्या कॉलनीवाल्यांनी तक्रार केली तवा म्हनलात, वास आला नाय पायजे. आमच्याकडं घाणीवर राखच टाकत्यात."

मी एका बादलीत राख घातलेली ओली लेंडी घेतली, दुसरीत नुसती. दोन्हींवर ओला लाल लिटमस कागद धरला. राखेच्या बादलीवरचा बघता बघता निळा झाला, दुसरा लालच राहिला. राख अल्कधर्मी असते. ती ओल्या लेंडीत पडली की नायट्रोजन अमोनिया होऊन हवेत उडतो. म्हणजे चोर हवेत होता आणि त्याला वाट मी करून दिली होती. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

रिपोर्टात कारणाच्या रकान्यात मी माझं नाव लिहिलं. राख बंद झाली, वासासाठी आम्ही ढिगावर कोरडी ताटं पसरू लागलो. पुढच्या बॅचचा नायट्रोजन जागेवर आला.

बाबूरावांचा माल चालू राहिला. पुढच्या खेपेला मी माफी मागायला गेटवर गेले, तर त्यांनी सगळ्या पोत्यांची तोंडं आधीच उघडून ठेवली होती आणि सळई माझ्यापुढं धरली.

"घाला, मॅडम. नुसतं माझ्या बोलन्याचा काय उपयोग न्हाय."

तेव्हापासून कुणाचा संशय आला की मी आधी माझीच शेवटची सूचना आठवून बघते. पण बाबूराव अजूनही पोती उघडूनच आणतात.